टोपल्यातलं लाल ढेकूळ

माझ्या बाबांचं अख्खं आयुष्य ज्वालामुखीच्या पोटात गेलं.

अन् हे त्यांना मरायच्या महिनाभर आधी कळलं.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं.

बाबा विहिरी खोदायचे. किन्हीराजा गावाच्या आसपास, थेट रिसोडपर्यंत. दगडावर हातोडी मारायची, कान लावायचा, मग बोलायचं.

काळ्या दगडाखाली लाल मातीचा थर लागला की पहिल्या टोपल्यात एक ढेकूळ वर पाठवायचे. खालून ओरडायचे, "लाल लागलं होऽऽ!"

म्हणजे पाणी जवळ आलं. शेतमालकीण ते ढेकूळ घरी न्यायची, चूल सारवायला.

आमच्याच विहिरीतून मात्र ते कधी आलं नाही.

कारण मी.

तेव्हा मी कॉलेजात भूगोल शिकत होते. नवीन नवीन शहाणपण! काठावर उभी राहून म्हणाले, "बाबा, थांबा. खाली नुसता काळा दगडच आहे. पुस्तकात लिहिलंय."

बाबांनी वर पाहिलं. हातोडी खाली ठेवली. गड्यांना म्हणाले, "पोरगी शिकली आपली. गुंडाळा."

मी केवढी फुगले होते!

पुढे वाशीमला शिक्षिका झाले. एकदा फळ्यावर लाव्हाचे थर काढताना खडू थांबला. लाव्हा एकदाच येत नाही. एक थर थिजतो, त्यावर कित्येक वर्षांत माती होते, मग दुसरा लाव्हा येऊन ती माती भाजून लाल करतो.

बाबांचं लाल ते हेच.

बाबांना मात्र सांगितलं नाही. लाज वाटली.

शेवटच्या महिन्यात बाबा खाटेवर होते. दुपारी पडल्या पडल्या म्हणायचे, "ते जमीन फाटल्याचं सांग न, माय."

मी सांगायचे. खूप खोल दगड वितळतो. हलका होतो, वर चढतो, वाट शोधतो. घट्ट असला तर तोंडाशीच साचतो, उंच टोकदार डोंगर होतो. आतली वाफ कोंडली की फुटतो.

"झुणक्यावानी," बाबा डोळे मिटून म्हणायचे.

हो. अन् पातळ असला तर पसरतो, पालथ्या ढालीसारखा बुटका, रुंद डोंगर होतो.

"हे पिठलं झालं. मंग आपल्या इकडे तो डोंगर कुठी हाय?"

"आपल्याकडे डोंगर नव्हताच, बाबा. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यातून लाव्हा आला अन् सगळीकडे पसरला. थरावर थर."

ते बराच वेळ छताकडे पाहत राहायचे. जणू आपल्या वावरावरून तो लाव्हा हळूहळू चाललाय, अन् ते बांधावर बसून बघताहेत.

अशाच एका दुपारी मी बोलून टाकलं. "बाबा, आपल्या विहिरीचं माझं चुकलं होतं."

"मले मालूम होतं."

"मग थांबलात कशाला?"

"तू पयल्यांदाच शिकलेलं काही सांगून राह्यली होती. गड्यांसमोर तुले खोटं कसं पाडू?"

मी खूप रडले. ते झोपी गेले होते.

या उन्हाळ्यात आम्ही ती विहीर पुन्हा खोदायला घेतली. बाबांचेच जुने गडी.

परवा टोपलं वर आलं, त्यात लाल ढेकूळ.

पाणी अजून लागायचंय. पण ते ढेकूळ मी चुलीला लावलं नाही. बाबांच्या फोटोपाशी ठेवलंय.

बाबा, लाल लागलं हो.

तुमच्या लेकीचा जयभीम.