कोपीतला तिसरा दगड

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी तिथल्या एका वृद्धाश्रमात स्वयंपाकाला होते. माहेर भोकरकडचं, शिक्षण चौथीपर्यंत. पाऊस नव्हता. गावोगावची माणसं कामाच्या शोधात बाहेर गेली आणि जाताना म्हातारी माणसं आमच्याकडे ठेवून गेली. बहुतेक सगळी परगावची.

एकच आजी तिथल्या जुन्या वस्तीतली होती. जातीनं लिंगायत, मूलबाळ नाही. आश्रमाच्या मागं उघडं रान होतं. खिडकीतून तिकडं बोट दाखवून ती मला म्हणायची, "माझा मालक तितं बसलाय. त्याच्या शेजारची जागा माझी." लिंगायत माणूस जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि माती लोटतात, हे मला ठाऊक होतं. पण रानात ना ओटा, ना पाटी. भेगा आणि इकडं तिकडं पडलेले दगड. शिवाय जिल्हा झाल्यापासून प्लॉट पाडणाऱ्यांनी चुन्याच्या रेघा ओढलेल्या. मला वाटलं, म्हातारी चळली.

आमच्या अध्यक्षांना वाटायचं, ही माणसं नुसती बसून असतात, त्यांना करमणूक पाहिजे. ते काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. कॅरम आणला तर भांडणं झाली. रेडिओ लावला तर त्यावरही दुष्काळच. शेवटी मी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे ते तुम्हीच सांगा.

मुरुडचे एक आजोबा म्हणाले, "बाई, येळवस करा. शेतात नेऊन जेवू घाला."

आमच्याकडं वेळ अमावस्या कुणी करत नाही. त्यांनीच समजावलं. शेतात कडब्याची कोप करायची, म्हणजे खोपटं. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, ते पांडव. पूजा करून भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ, भाकरी आणि आंबील खायची.

"शेत कुठनं आणू?"

"हे काय, मागं पडलंय."

"पीक न्हाई, पाणी न्हाई, पूजा कशाची करणार?"

"दगडाची. दगडाला कुठं दुष्काळ लागतो?"

सगळे हसले. आश्रमात इतकं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

कडबा छावणीतल्या जनावरांना गेला होता. मग तुराट्या उभ्या करून वर जुनं लुगडं टाकलं. मी चुलीपाशी होते तेवढ्यात मुरुडचे आजोबा आणखी दोघांना घेऊन रानात गेले, दगड वेचून आणले, चुन्यानं रंगवले आणि मांडले.

दुपारी सगळ्यांना कोपीपाशी बसवलं. आजी काठी टेकत शेवटी आली. वाकून आत पाहिलं आणि एकदम डोक्यावरून पदर ओढून घेतला. तिसऱ्या दगडाला म्हणाली, "तुमी हितं कसं आलाव?"

कुणीतरी फिसकन हसलं. मुरुडचे आजोबा म्हणाले, "आजी, पांडव हाय त्यो."

"पांडव आसंल तुझा. डाव्या अंगाची चीर बघ. मालकावरचा दगड हाय ह्यो. दर सोमवारी धूत होते मी, पाय चालत होते तवर."

मी चुना खरवडला. चीर होती. ताटं वाढलेली, पण कुणी हात लावला नाही. आजोबांचा चेहरा उतरला.

आजी म्हणाली, "माझी जागा हरवली की रं. कुठनं उचललास?"

त्यांनी हात वर केला, इकडं नेला, तिकडं नेला, मग खाली घेतला. "समदं सारखंच दिसायलंय."

आजी रानात चालू लागली. मी दगड कमरेवर घेतला, मागनं सगळी म्हातारी माणसं. वारा पडला होता. कोपीवरचं लुगडंसुद्धा हलत नव्हतं. एके ठिकाणी आजी थांबली. "ठेव."

तिथं काहीच नव्हतं. लांब पलीकडं मात्र जमिनीत दगडाएवढा खळगा दिसत होता, ताजा. मी म्हणाले, "आजी, खूण तर तिकडं हाय."

"ती दगडाची जागा. गुरं ढकलीत गेली, पोरं ढकलीत गेली. मालक हितं हाय. पायाला गार लागतंय."

मी चप्पल काढून पाय टेकवला. जमीन ऊन होती. दोन पावलं पुढं टेकवला, तिथं जास्त ऊन. असं का, ते मला अजून सांगता येत नाही. दगड मी तिथंच ठेवला.

त्यानंतर दर सोमवारी सगळेच तिच्याबरोबर जाऊ लागले. टँकरचं पाणी पुरत नव्हतं, म्हणून तांदूळ धुतलेल्या पाण्यानं दगड धुवायचे. बोलणं चालायचं ते आजीशी नव्हे, दगडाशी. मी दारातून बघायची. दगडाला काही विचारलं की सगळे त्याच्याकडं कान करायचे, उत्तर ऐकल्यासारखे. कॅरमवर धूळ बसली.

उन्हाळ्यात आजी गेली. अध्यक्ष म्हणाले, नव्या स्मशानात नेऊ, इथं प्लॉट पडलेत. मुरुडचे आजोबा दगडापाशी जाऊन बसले. "दगड मी उचलला, जागा मी हलवली. तिला मीच बसवणार."

"प्लॉटवाले आले तर उत्तर कोण देणार?"

"आमी देऊ की. आमाला दुसरं काम काय हाय?"

एकेक करून सगळे तिथं जाऊन बसले. अध्यक्षांचा नाइलाज झाला.

जमीन इतकी कठीण की पहार उडत होती. खड्डा कमरेइतका झाला आणि एका बाजूची माती आपोआप ढासळली. आतून पांढरी राख आली. लिंगायत पुरताना विभूती घालतात, ती असावी. मागं पोकळी होती, तिच्यातून गार हवा अंगावर आली. खणणारा पटकन वर चढला. आजीला आम्ही त्या बाजूला टेकवून बसवलं आणि वर तोच दगड ठेवला.

परत येताना मी मुरुडच्या आजोबांना म्हणाले, "त्या रानात किती पिढ्या बसवल्यात कुणाला ठाऊक. कुठंही खणलं असतं तरी शेजारी कुणीतरी निघालंच असतं. तो तिचाच मालक कशावरनं?"

ते थांबले, मागं वळून रानाकडं पाहिलं. मग माझ्या दंडाला धरून पुढं ओढलं.

"हळू बोला, बाई. तिथवर ऐकू जातंय."