पश्चिमेला तोंड केलेला बंगला

कोयनानगरच्या वरच्या अंगाला जो दगडी बंगला आहे, तो बांधून त्यात राहणारा गोरा साहेब म्हणे आर्किटेक्ट होता. असेल. आमच्याकडे म्हशीचा गोठा बांधणारा गडीसुद्धा आधी पाऊस कुठून येतो ते बघतो. या महाशयांनी सूर्यास्त बघायचा म्हणून घराचं तोंड थेट पश्चिमेला केलं आणि त्या तोंडाला अकरा काचेच्या खिडक्या लावल्या. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा बूट दिवाणखान्यातून तरंगत निघाला तो पाटणच्या बाजारात सापडला, असं माझा बाप शपथेवर सांगतो. जोडीचा दुसरा कराडच्या संगमावर.

मग माझ्या खापरपणज्याला बोलावणं गेलं. त्याने गवताचे तट्टे विणून पश्चिमेची बाजू छपरापासून जोत्यापर्यंत झाकली. तेव्हापासून दरसाल मिरगाच्या आधी आमच्या घरचे पुरुष तिथं तट्टे बांधतात आणि दिवाळीच्या आधी सोडतात. मालक बदलले, तट्टे नाहीत. फौजेत असताना मी सुट्टीसुद्धा तेवढ्यासाठीच मागायचो. बाप ऐंशीचा झाला तरी शेवटची गाठ स्वतः मारायचा आणि बंगल्याला ‘आपला’ म्हणायचा.

अलीकडे तो बंगला पुण्याच्या एकाने घेतला. हाही आर्किटेक्ट! खादीचा कुडता आणि गळ्यात दोन चष्मे. दिसत दोन्हींतून नव्हतं. गोऱ्या साहेबाच्या हातचा बंगल्याचा नकाशा कुठूनसा मिळवून त्याने मढवून भिंतीवर लावला होता. उदबत्ती तेवढी लावायची राहिली होती.

आम्ही तट्ट्यांची ट्रॉली घेऊन गेलो, तर म्हणतो, “काका, हे गवत नको. बंगला मूळ होता तसाच दिसला पाहिजे.”

“आवं सायेब, पावसाचं काय?” बापाने विचारलं.

“भिंतींना केमिकल मारलंय.”

ट्रॉली माघारी आली. बापाने कोयता आढ्याला खोचला. “माजं काम सपलं रं,” एवढंच बोलला आणि त्या सांजेला भाकरीला शिवला नाही. पुढे महिनाभर तो अंगणात बंगल्याकडे पाठ करून बसायचा.

आमच्याकडचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. आषाढात तो केमिकलसकट आत घुसला. पाहुण्यांच्या गाद्यांवर खेकडे पोटभर झोपले. चौथ्या दिवशी मालक आमच्या दारात उभा. नखशिखांत ओला, छातीशी तो नकाशा. घरातलं दुसरं काहीही वाचवावंसं त्याला वाटलं नव्हतं.

“काका, तट्टे बांधाल?”

बापाने आधी त्याच्याकडून नकाशा हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच बघत होता तो. पश्चिमेच्या भिंतीवर वेगळ्या शाईत बारीक आडव्या-उभ्या रेघा होत्या.

“ह्ये काय हाय?”

“ते शेडिंग. सावली दाखवलीय.”

“मावळतीच्या भिंतीवर सावली आन् बाकीच्या समद्या उन्हात? आवं, ह्ये तट्टं हाईत! आन् ही कोपऱ्यातली गाठ बगा. आमचीच हाय. माज्या पणज्यानं मारल्याली.”

म्हणजे गोऱ्याने एक पावसाळा खाऊन गुमान नकाशा दुरुस्त केला होता. आणि या पठ्ठ्याने त्या दुरुस्तीचीच रोज पूजा करून बंगल्यावर मात्र ती नाकारली होती.

बाप उठला. आढ्याचा कोयता काढला. “चल रं, आपला बंगला भिजतोय.”

भर पावसात आम्ही तट्टे चढवले. शेवटच्या गाठीला बाप मला हटवून स्वतः शिडीवर गेला. खाली मालक शिडीला बिलगून थरथरत होता, दोन्ही चष्म्यांतून पाणी गळत होतं. आज सकाळपर्यंत बाप त्याला सायेब म्हणत होता.

“हलू नगं गड्या,” वरून ओरडला, “शिडी नीट धर!”