भिंतीवरचा सूर्य

भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. वय झालं होतं, आजारही होता. धक्का वगैरे बसला नाही. फोन ठेवला आणि उरलेली ज्वारी निवडून टाकली. रडू आलं ते पुढे केव्हातरी, भर बाजारात, भाजी घेताना.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न होऊन मी नांदेडला आले तेव्हा निजामी अंमल होता आणि ते शाळेत उर्दूतून विज्ञान शिकवत. घरी मात्र एकच उद्योग. माडीच्या खिडकीत एका डोळ्याची जुनी दुर्बीण बांधायची, बाकी खिडकी गोणपाटाने झाकायची आणि समोरच्या भिंतीवर ताटाएवढा सूर्य पाडायचा. त्यावरचे डाग कोळशाने भिंतीवरच उतरवायचे. मी झाडायला गेले की ओरडत, "वहिनी, उजेडातून बाजूला सरका!" चुना दिलेल्या भिंतीची ती दशा बघून मीही बोलल्याशिवाय राहत नसे.

मग ते वाईट दिवस आले. गावोगाव हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या, आणि माझे दिवस भरत आलेले. आमच्या ह्यांनी ठरवून ठेवलं होतं, की रेडिओवर बाहेरच्या बातम्या ऐकत राहायचं. रेडिओ मुका झाला की सरकारने आवाज तोडला असं समजायचं आणि तडक गाडी जुंपून पैनगंगेपल्याड वऱ्हाडात निघायचं. एका दुपारी बातम्या चालू असताना आवाज विरत गेला... खरखरसुद्धा उरली नाही. ह्यांनी बैल जुंपले, मी गाडीत बसले. ऊन मी म्हणत होतं. पोटात कळ आली ती मी कुणाला सांगितली नाही.

भावजी माडीवरून धावत आले आणि बैलांसमोर उभे राहिले. "दादा, गाडी सोड. कुणी काही तोडलं न्हाई. सूर्यावर भडका उडालाय."

"टोळी दारात यायची वेळ, अन् तू सूर्य बघून राहिला?" हे कडाडले.

"परवापासून लई मोठा डाग हाय. तिथं लोहचुंबकासारखी ओढ असते. पीळ खात जाते अन् एकदम सुटते. तसा भडका उडाला की वरची हवाच रेडिओच्या लाटा गिळते. येईल आवाज थोड्या वेळानं. वहिनीला ह्या उन्हात नेऊ नको."

मी खाली उतरले. विज्ञान कळलं म्हणून नाही. भावजींच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून.

रेडिओभोवती बसून राहिलो. अखेर खरखर आली, मग माणसाचा आवाज. भावजी उठून परसात गेले आणि ओकले. माझी शालू त्याच संध्याकाळी जन्मली. आडवी आली होती. सुईण म्हणाली, गाडीत असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या.

कितीतरी वर्षांनी मी विचारलं, "तेव्हा खात्री होती तुम्हाला?"

"डागाची होती," ते म्हणाले. "भडका काही दिसला न्हवता, वहिनी. आवाज खरंच कुणी तोडला असता, तरी डाग तसाच दिसला असता." आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

परवा शालूला घेऊन माडीवर गेले. भिंतीला चुना द्यायचा का, असं पुतण्या विचारत होता. त्याने दुर्बीण उन्हाकडे वळवली. शालू कोळशाचे डाग बघायला पुढे झाली आणि सूर्य तिच्या पाठीवर पडला. तिचेही केस आता पिकलेत. "बाजूला सरक" अगदी ओठांवर आलं होतं... म्हटलं नाही. उजेड आपसूक सरकून जाईपर्यंत तिला तशीच उभी राहू दिली.