गजूच्या रश्श्यात काय कमी होतं

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, देवळातही कधी तोंड उघडलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही अन् गजूला ओळखत नाही. ओळखत असते तर — नसतं सांगितलं.

मी चौथी शिकलो. पण आर्णीपासून यवतमाळपर्यंत रोडग्यांची पंगत म्हटली की बोलावणं मलाच यायचं, विचारा कोणालाही. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे अन् त्यांच्यासंगं वांग्याचा रस्सा. रोडगे कोणीही भाजतो. आचारी ओळखायचा तो रश्श्यात. खोबरं जळायच्या एक श्वास आधी काढायचं. कांदा सालीसकट निखाऱ्यात ढकलायचा. धने, खसखस, दगडफूल वेगवेगळं भाजायचं — एकत्र भाजतो तो आचारी नव्हे, आळशी. तर्री वर आली पाहिजे अन् वांगं फुटलं नाही पाहिजे. हे मला माझ्या बापानं शिकवलं. गजूला मी शिकवलं.

गजू माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा तो सात वर्षांचा होता. मीच त्याला वाढवला. हे मोठेपणासाठी सांगत नाही — की मोठेपणासाठीच सांगतो? जाऊ द्या.

आमच्याकडे एक रीत होती. देवाचा नैवेद्य निघाला की रश्श्याचा पहिला थेंब मुख्य आचाऱ्याच्या तळहातावर. त्यानं चाखायचा अन् म्हणायचं, "उतरवा." मग कढई उतरायची, मग पंगत बसायची. तो बोलत नाही तोवर दोनशे माणूस ताटकळत बसलेलं. माझी बायको म्हणायची, "तुमची जीभ म्हंजे तहसीलदाराचा शिक्का." ती टोमणा मारायची अन् मला बरं वाटायचं.

आता तो दिवस. सांगायचा तर आहे — मग हात काहून अडतो?

मारुतीच्या देवळामागं चिंचेखाली कोणाच्या तरी नातवाच्या नवसाची पंगत होती. आठ दिवस आधी माझा उजवा हात तेलानं पोळला होता. म्हणून रस्सा गजूनं केला. पहिल्यांदा, एकट्यानं; मसाला तेवढा मी मोजून दिला. मी बाजूला खाटेवर बसलो होतो. त्यानं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही, एकदाही विचारलं नाही. ते मला आधीच टोचलं. वर ज्याचा नवस होता तो माणूस हसत म्हणाला, "दादा, आता तुमाले खाटंवरच बसा लागते, गजू तयार झाला."

नैवेद्य निघाला. गजूनं पळीनं थेंब माझ्या डाव्या तळहातावर सोडला. मी चाखला.

काय सांगू तुम्हाला? मला बाप आठवला. बाप गेल्यावर तसा रस्सा मी कुठंच खाल्ला नव्हता, माझ्या हातचा तर नाहीच. जन्मभर मी ज्याच्यामागं होतो, ते ह्या पोरानं पहिल्याच कढईत काढलं होतं. अन् त्याला तर बापाच्या हातची चव आठवतही नसेल.

मी म्हणालो, "कच्चा हाय. असा रस्सा पंगतीत वाढते का कोणी? तुह्या हातालेच चव नाही गजू."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "गजू, तू रोडगेच भाज बापा." मी डाव्या हातानं दोन मुठी मसाला कढईत टाकला अन् अर्धा तास उकळवला. सगळी वांगी फुटली. लोकांनी बोटं चाटली अन् म्हणाले, दादानं आज लाज राखली. गजू खाली बसून गोवऱ्या सारत होता. मान वर केली नाही.

एवढंच. एवढीच गोष्ट आहे, तीन वाक्यांची. पण ती तिथं थांबली असती तर मी कशाला लिहायला बसलो असतो?

दिवाळीच्या आत गजू आखातात गेला, मजुरांच्या कॅम्पातल्या खानावळीत. तिथं आचाऱ्याची जागा रिकामी होती. त्यानं कांदे सोलायचं काम मागून घेतलं. का, तर म्हणे, "माझ्या हाताला चव नाही." हे त्यानं स्वतः मला फोनवर सांगितलं, साधेपणानं, कोणी आपली उंची सांगतो तसं.

फोन शुक्रवारी यायचा, सुट्टीच्या दिवशी. तिथं दहा देशांची माणसं जेवत होती. गजू सांगायचा — केरळवाले रश्श्यात नारळाचं दूध घालतात. श्रीलंकेचा एक जण मसाला कोळशासारखा काळा होईपर्यंत भाजतो. ढाक्याचा माणूस मासळी मोहरीच्या तेलात करतो. थायलंडवाले हिरव्या मिरच्या गवती चहासारख्या कसल्या गवतासंगं कुटतात. जपानचा साहेब साबणासारखी वडी पाण्यात विरघळवतो अन् भातावर ओततो, अन् ती गोड लागते. इंग्रजांनी ऊस तोडायला आपली माणसं जहाजानं दूरच्या बेटांवर नेली, त्यांची नातवंडं अजून तिथं रस्सा करतात, जे मिळेल त्याचा. अन् गोरे ह्या सगळ्यालाच करी म्हणतात, वांगं असो की कोंबडी. एकदा म्हणाला, मिरची आपली नाहीच, ती समुद्रापलीकडून आली, त्याआधी आपले लोक मिरीवर भागवत होते. मी म्हणालो, मिरची आपली नाही तर मग तू तरी आपला कशावरून? खूप हसला.

अन् दर वेळी, फोन ठेवायच्या आधी, एकच — "दादा, त्या दिवशी काय कमी होतं?"

मी सांगत गेलो. कधी म्हणालो भाजणं. कधी खसखस. कधी आच. जे तोंडात येईल ते. तो पुढच्या सुट्टीला तसं करून पाहायचा अन् कळवायचा, "आता समजलं, दादा." मग त्याला वाटायचं, नाही, अजून काहीतरी आहे. मग तो केरळवाल्याला विचारायचा, ढाकेवाल्याला विचारायचा. जे कमी नव्हतंच ते त्यानं साऱ्या जगाच्या कढयांत शोधलं. तीस वर्षं. मला एक शब्द बोलायचा होता फक्त. फोन माझ्याच हातात होता ना?

साथीच्या तापात त्याचं नाक गेलं. वास नाही, चव नाही. परत आला तो एक पेटी घेऊन अन् एक वही. वहीत माझी सगळी उत्तरं लिहिलेली, ओळीनं. त्याची बायको तो तिकडे असतानाच इकडे वारली होती. मागच्या खोलीत राहतो आमच्या.

दर रविवारी तो अंगणात चूल मांडायचा. त्याला स्वतःला काही कळत नव्हतं, म्हणून थेंब माझ्या तळहातावर. त्या रश्श्यात आता नारळाचं दूध होतं, करपलेला मसाला होता, मोहरीचं तेल होतं, माझी सगळी खोटी उत्तरं होती. तो रस्सा खरंच वाईट होता. मी आधी "थोडं कमी हाय" म्हणत राहिलो, कारण आता ते खरं होतं. एका रविवारी मला थकवा आला. मी म्हणालो, "जमलं, गजू. उतरव."

त्यानं कढई उतरवली नाही. मग म्हणाला, "मंग त्या दिवशी काय कमी होतं?"

मी म्हणालो, "दगडफूल."

"दगडफूल होतं, दादा," गजू म्हणाला. "तूच मोजून देलतं."

मग त्यानं चूल विझवली. कढई गोठ्याकडं नेऊन घासली, सावकाश, आतून-बाहेरून. मी खाटेवरच होतो. तळहातावर तर्रीचा डाग तसाच होता.

त्यानंतर गजूनं चूल मांडली नाही. वहीही दिसली नाही पुन्हा. माझी बायको वाढेल ते खातो, पोळी पाण्यात बुडवून खाल्ली तरी त्याला सारखीच. माझ्याशी बोलतो — कापूस, औषधं, हवापाणी. ते मात्र विचारत नाही. मला वाटायचं, विचारणं थांबलं की सुटलो.

त्याचा रस्सा चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता, बापाएवढा होता. हे इथं लिहिलं. तो भिंतीपलीकडं बसला आहे, आत्ता खोकला. उठून चार पावलं गेलो तर सांगता येईल.

मी जाणार नाही. मला मी ठाऊक आहे.