माळावरचं लाल लुगडं

केंदूरच्या माळावर पवनचक्क्या उभारायचं ठरत होतं, म्हणून आधी वारा मोजायचा उंच खांब आला. त्याला चहूकडून बारीक तारांचे ताण दिले होते. माझ्या मामांची नजर अधू झाली होती आणि ते रोज तिथंच शेळ्या चारायचे. एकदा तार कपाळाला लागून पडले. मामीनं जुनं लाल लुगडं फाडून प्रत्येक तारेला पट्ट्या बांधल्या.

लोकांना ते नवसाचं ठिकाण वाटलं. तिथं नारळ फुटू लागले. कंपनीचा इंजिनिअर पट्ट्या सोडवायला आला.

"मावशी, खांबाला कसला नवस?"

"नवस न्हाई, बाबा. आमच्या म्हाताऱ्याला तार दिसत न्हाई. लाल तेवढं दिसतं."

त्यानं करवंट्या उचलायला लावल्या, पट्ट्या राहू दिल्या.

पुढं वारा कमी भरला. पवनचक्क्या आल्या नाहीत, खांबही उतरवला. त्या लाल खुणेवरून घराकडं वळायची सवय लागलेले मामा त्या संध्याकाळी वाट चुकले. मामीनं त्यांना शोधून आणलं.

"लाल कुठं गेलं गं?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या सकाळी मामी लग्नकार्यात नेसायचं लाल लुगडं नेसून शेळ्यांच्या पुढं चालू लागली.