तारीख नसलेली साक्ष

नगरच्या एसटी स्टँडवर नोकरीसाठी बंगळूरला निघालेल्या मला निरोप द्यायला जवळजवळ अर्धी मंडळी आली होती. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचे सभासद. पाळकसाहेबांनी पुण्याच्या गाडीच्या दारातच प्रार्थना सुरू केली. माझ्यापासून निघून ते माझ्या कंपनीवर आले, तिथून कर्नाटक सरकारवर, मग रस्त्यावर, टायरांवर आणि ड्रायव्हरच्या नजरेवर. कंडक्टर भला माणूस होता. त्याने टोपी काढून बराच वेळ हातात धरली आणि शेवटी माझ्या वडिलांच्या कानाशी वाकून विचारलं, "मास्तर, आमेन झालं की डबल बेल देऊ ना?"

अप्पा हसले नाहीत. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. खिडकीतून माझी पिशवी आत देत ते एवढंच म्हणाले, "तिकडे गेल्यावर आधी मंडळी शोध. खोली काय, मिळेल."

मी मान डोलावली. आईच्या आजारात सगळ्या मंडळीने उपास धरले होते, आळीपाळीने घरी येऊन प्रार्थना केल्या होत्या. आई गेली. मग तीच माणसं आमच्याच ओसरीवर चहा पीत 'देवाची योजना' असं म्हणाली, आणि इतक्या सहज म्हणाली की रविवारी त्यांच्या शेजारी बाकावर बसणं मला जड जाऊ लागलं. बाक सोडवतही नव्हता. मनात नाही ते तोंडाने म्हणायचं नाही आणि तरीही विश्वासणाऱ्यांत आपली जागा ठेवायची, हे जमतं का, ते मला पाहायचं होतं. बाकीचं सामान एका ट्रंकेत मावलं.

तुमच्यापैकी जे नगरलाच मागे राहिले त्यांना वाटतं, बंगळूर म्हणजे संगणक आणि गारवा. जे माझ्यासारखे आले त्यांना ठाऊक आहे की इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे तेव्हा मोकळं माळरान, त्यात काचेच्या काही इमारती आणि तिथवर नेणारी कंपनीची बस. चर्च शोधायला मात्र लांब जावं लागलं नाही. इंग्रजी होतं, कन्नड होतं, तमिळ तर गल्लोगल्ली होतं. इंग्रजी चर्चमध्ये झगे घातलेला गायकवृंद होता, आणि पंखे कोणी कोणाच्या स्मरणार्थ दिले याची घोषणा प्रवचनापेक्षा जास्त मन लावून ऐकली जायची. कन्नड उपासनेत मला 'आमेन' तेवढं समजे. मराठी कुठेच नव्हतं. नगरला मराठीतल्या उपासनेत मी घड्याळ बघायचे; इथे तीच मराठी शोधत मी तीन बस बदलून फिरले.

मग ऑफिसात ई-मेलची सोय आली आणि त्यातून एक गट सापडला. गटाच्या पत्त्यावर एकाने लिहिलं की ते सगळ्यांना पोचायचं. ख्रिस्ती विश्वास समजून घेऊ पाहणाऱ्यांसाठी शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, असं त्याचं वर्णन होतं. शंका असलेल्यांचं विशेष स्वागत होतं. जेवणाच्या सुट्टीत मशीन मोकळी असत, तेव्हा मी डबा संपवून वाचत बसे. गट चालवणारे गृहस्थ अमेरिकेतले. सगळे त्यांना ब्रदर म्हणत. त्यांची सही मजकुरापेक्षा लांब असे: नाव, दोन पदव्या, मंडळाचं नाव, फॅक्स, बायबलमधलं एक वचन. साध्या प्रश्नालाही उत्तर मूळ ग्रीकपासून सुरू होई. तरीही मला ते आवडलं. इथे निदान लोक प्रश्न लिहून विचारत होते. आमच्याकडे ते उपासनेनंतर सायकलचं कुलूप काढताना पुटपुटत.

नव्या सभासदाने आपली साक्ष लिहावी असा नियम होता. आमच्या मंडळीत साक्ष म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. उठून उभं राहायचं आणि आठवड्यात देवाने काय केलं ते सांगायचं: लेकरू पास झालं, हरवलेली म्हैस सापडली, जावयाने दारू कमी केली. मी त्याच चालीने इंग्रजीत लिहून टाकलं की कंपनीची बस चुकली असता एका दूधवाल्या टेम्पोने मला वेळेवर पोचवलं, त्याबद्दल मी आभारी आहे.

मग ब्रदरांचं उत्तर आलं. त्यांना टेम्पो नको होता. माझं तारण कोणत्या दिवशी झालं, म्हणजे मी येशूला नेमकं कधी स्वीकारलं, ते हवं होतं. शक्यतो तारखेनिशी. बाकीच्यांच्या साक्षी मी मग नीट वाचल्या. प्रत्येकाच्या आयुष्यात एक ठरावीक वार होता, त्याच्याआधी अंधार आणि नंतर उजेड. मी लिहिलं की आमच्यात पणजोबांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हापासून आम्ही आहोत. तारीख विचारायची तर ती त्यांना विचारावी लागेल. कोणी हसलं नाही.

तरी मी ज्यासाठी आले होते ते विचारलंच. गटात तेव्हा आजारी बाई बरी होते तो अध्याय चालू होता. मी लिहिलं: माझ्या आईसाठी सगळ्या मंडळीने उपास केला आणि ती गेली. या अध्यायातली बाई बरी झाली. मी हा अध्याय कसा वाचू?

उत्तरं भराभर आली, बरीचशी क्रमांक घातलेल्या मुद्द्यांत. एकाला आमचा विश्वास कमी पडल्यासारखा वाटला. एकाने पणजोबांच्या आधीच्या मूर्तिपूजेपर्यंत चौकशी नेली. ब्रदरांनी लिहिलं की ज्याला स्वतःच्या तारणाची तारीख सांगता येत नाही, त्याने असे प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. तारीख मिळेपर्यंत मला फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही.

शेजारच्या टेबलावरचा पुण्याचा देशपांडे हे सगळं माझ्या खांद्यावरून वाचायचा. म्हणाला, "अगं, टाक की एखादी. कंपनीची जॉइनिंग डेट टाक. लक्षात ठेवायलाही बरी."

सल्ला व्यवहारी होता. तारीख टाकली असती तर गट राहिला असता, आणि गटाशिवाय मला या शहरात शास्त्रावर बोलायला माणूस नव्हतं. मी टाकली नाही.

तेवढ्यात मला एकटीलाच एक मेल आला, इंग्रजी अक्षरांत मराठी. लिहिणारी शशिकला, मूळची बेळगावची, यशवंतपूरला राहणारी बँकेतली अधिकारी. मजकुराच्या शेवटी मी सवयीने 'सलाम' लिहायचे, त्यावरून तिने मला ओळखलं होतं. सलाम घालणारे ख्रिस्ती आपल्याकडचेच. तिने लिहिलं होतं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, पण रविवारी दुपारी जेवायला ये.

मी गेले. दारातच तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढं भांडतीस म्हणून म्हटलं चांगली दांडगी असशील. बस की. भात स्वल्पच घेतीस होय?" शशीअक्का त्या गटात पहिल्यापासून होती आणि तिने कधी एक ओळ लिहिली नव्हती. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मलाही तारीख नाही गं. पण मी गप्प बसले, तू बोललीस."

त्या संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून अप्पांना सगळं सांगितलं, अगदी बाकावर बसवत नव्हतं तेही. हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी आयुष्यभर शाळेत शास्त्र शिकवलं, मंडळीचे पंच झाले. मला वाटलं, आता समजूत घालतील.

"तारीख मलाही सांगता यायची नाही," ते म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून मी रोज शास्त्र उघडतो ते भांडायलाच. पण उघडतो."

पुढच्या रविवारी शशीअक्काच्या घरातल्या संगणकावरून आम्ही आमचा गट सुरू केला, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. सहीत पदवी लिहायची नाही. तारीख विचारायची नाही. पाळीपाळीने एकेकाने एक वचन घ्यायचं, कळलं ते लिहायचं आणि नाही कळलं तर तसं लिहायचं. पहिला अध्याय मी तोच घेतला. नागपूरहून एकजण आला, दुबईहून एक नर्स आली. अप्पा त्यांच्या पाळीचं पोस्टकार्डावर पाठवत. शशीअक्का ते टाइप करताना त्यांच्या व्याकरणाचं कौतुक आणि अक्षराची निंदा करी. गटात भांडणं झाली, एकजण ग्रीक घेऊन आला आणि कंटाळून गेला. गट टिकला.

गेल्या नाताळात नगरला गेले. पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केलं की आपल्या मंडळीची कन्या संगणकावरून देवाचं कार्य करते, ती आता पुढे येऊन साक्ष देईल. 'जागतिक' हा शब्दही त्यांनी वापरला. मी जागेवरच उभी राहिले.

म्हटलं, "आई बरी व्हावी म्हणून आपण सगळ्यांनी उपास केला होता. ती बरी झाली नाही. मला ते अजून समजलेलं नाही. मी शास्त्र वाचते आहे आणि वाचत राहणार आहे." आणि बसले.

पाळकसाहेब पुस्तकात गीताचा क्रमांक शोधू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतली सोनाबाई उठली. आईच्या शेवटच्या दिवसांत तिचे पाय चेपायला रोज यायची ती. काठी टेकत ती माझ्या बाकापाशी आली.

"सरक गं जरा," ती म्हणाली. "मलाबी न्हाई समाजलं."

मी सरकले. पलीकडून अप्पा सरकले. गीत सुरू झालं.

तुम्ही दोन्हीकडचे मला विचारता की आता घर कुठलं, नगर की बंगळूर. मागे राहिलेल्यांना 'नगर' ऐकायचं असतं आणि आलेल्यांना 'बंगळूर'. मला खरं बोलून झाल्यावर जिथून उठावं लागत नाही, ते माझं घर. अशी एक जागा नगरला आहे, एक यशवंतपूरला. परत आले त्या आठवड्यात गटात नवा अध्याय लागला आणि पहिलं वचन माझ्याकडे आलं. तेही अवघड निघालं. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी लिहायला बसले.