थंड गाडी ऐकणारा मामा

सोपानमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका नवरीच्या ब्लाऊजची बाही उसवत होते. पलीकडून भाऊ रडत होता. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली बाही उसवून काढली. त्याला आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तर त्याच्याबद्दल जे काही चांगलं आहे ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

वरकुट्याचा हा माझा मामा जुन्या ट्रकांचा पारखी. उसाचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडं जुने ट्रक घ्यायची घाई उठते, आणि घेणारा आधी मामाच्या दारात यायचा. मामाची अट एकच, पहाटे जायचं आणि विकणाऱ्याला कळवायचं नाही. विकणारे बेरकी असतात. गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे थंडीत चालू होताना जे वाजायचं ते वाजून गेलेलं असतं. मामा पोचला की पहिला तळहात इंजिनावर. कोमट लागलं तर चहाही न घेता माघारी. थंड असलं तर गाडी चालू करायला लावायचा, लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा आणि ऐकत बसायचा. थंड डिझेल गाडी खडखडतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पिस्टन थंडीनं आवळलेला असतो, तो जरा आपटतो. तापला की फुगून नीट बसतो आणि आवाज जातो. भ्यायचं ते खालच्या बेअरिंगला. थंडीत दाट ऑइल त्याचा ठोका झाकून टाकतं, आणि ऑइल तापून पातळ झालं की तो ठोका वर येतो. म्हणून गाडी थंड ऐकायची आणि तापेपर्यंत ऐकायची, मधनं उठायचं न्हाय, असं तो ज्याला त्याला सांगायचा. त्याच्यामुळं कितीतरी लोक बुडायचे वाचले. झालं चांगलं बोलून.

वडील गेल्यावर माझं लग्न मामाच्या हातात आलं. डाळजचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलाचा गाईंचा गोठा, बोलायला मोकळा, हसला की सगळं तोंड हसायचं. बघायच्या कार्यक्रमात त्यानं मला विचारलं, लग्नानंतर शिवणकाम चालू ठेवणार ना? माझं काय चालू राहावं, हे तोवर मला कुणी विचारलं नव्हतं. मला तो आवडला. इतका आवडला की रात्री उशीत तोंड खुपसून हसत होते. सुपारी फोडायचं ठरलं. पण मामाला चैन कुठली... पहाटे उठला आणि कुणालाही न सांगता डाळजला जाऊन आला, थंड गाडी बघायला जातात तसा. दुपारी आमच्या ओसरीवर चार माणसांदेखत म्हणाला, "पोरगं आईवर खेकसतंय. माझ्यासमोर शेणाची पाटी भिरकावली त्यानं. तितं पोरगी द्यायची न्हाय." आई म्हणाली, अजून जरा चौकशी करू. मामा म्हणाला, माझा कान आजवर चुकला नाही. मी दाराआड उभी होते. मला कुणी हाक मारली नाही, आणि संध्याकाळच्या आत डाळजला निरोप गेला.

मग बारामतीचा नोकरीवाला आला. मामा तिथंही पहाटे जाऊन आला. मुलगा पेपर वाचत बसलेला, घरात चिडीचूप. मामा खूश. लग्न झालं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते मला डोंगरावर राहायला गेल्यावर कळलं. सुरुवातीला तो माणूस खरंच शांत होता. पुढं एकदा आमटीत मीठ जास्त पडलं. आवाज जरासुद्धा न चढवता त्यानं माझा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. शिवणाऱ्या बाईची बोटं ती... दोन आजही नीट मिटत नाहीत. माहेरी परत आले तेव्हा मामा बघायला आला. बोटांकडं बघत म्हणाला, "काय काय गाड्या तापल्यावरच वाजत्यात, पोरी. थंडीत कळत न्हाय." एवढं सांत्वन केलं, चहा प्यायला आणि गेला.

काही वर्षांनी इंदापूरच्या बाजारात डाळजच्या त्या मुलाची आई भेटली. तिनंच मला ओळखलं. तुझा मामा आला त्या पहाटे गाय अडली होती म्हणाली, पोरगा रात्रभर तिच्यापाशी बसून होता. मी मधे लुडबुड करायला लागले तसा ओरडला. पण उन्हं आली, कालवड सुखरूप झाली आणि त्यानं स्वतः चहा करून मला पाजला. तुझा मामा जरा थांबता तर त्यालाही मिळाला असता. म्हातारी हे हसत सांगत होती, तिच्या मनात काही नव्हतं. मी बाजार न करताच घरी आले.

मामा बारामतीच्या दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता तेव्हा मी भेटायला गेले. प्रेमानं गेले असं कशाला खोटं सांगू... तो चुकलो म्हणतो का, ते ऐकायला गेले होते. माझं वाटोळं झालं ते झालं, निदान ज्यानं केलं त्यानं एकदा तसं म्हणावं.

"तापेपर्यंत उठायचं नाही म्हणायचास ना मामा," मी म्हटलं. "मग डाळजला का उठलास?"



"भिगवणला एक ट्रक बघायचा हुता," तो म्हणाला. "उन्हं वर आली असती तर मालकानं चालू करून ऊस भराया काढला असता. मग काय बघायचं?"

"तिथं थांबलास?"

"तितं तासभर बसलो. चांगला तापल्यावर वाजला. बेअरिंग गेलं हुतं."

कुणासाठी बघितला होतास, मी विचारलं. मामानं कपाळाला आठ्या घातल्या. नाव आठवेना, माणसाचं गाव आठवेना. आवाज मात्र आठवत होता. नाकावरची ऑक्सिजनची नळी सरकवून, डोळे मिटून, त्यानं तो मला तोंडानं काढून दाखवला... ठक... ठक... ठक... आणि नीट कळावा म्हणून पुन्हा एकदा काढला.